बाबासाहेबांविरुद्ध उभा राहिलेला उमेदवार

1937 साली भायखळा-परळ मतदारसंघातून डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या विधानसभेवर निवडून आले, हे बऱ्याच जणांना ठाऊक असते. त्यांच्याविरुद्ध काँग्रेसतर्फे कोण उभे होते, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. ते होते क्रिकेटपटू बाळू पालवणकर. तेही अस्पृश्यच, चर्मकार समाजातले. सवर्णांच्या हातचे बाहुले म्हटले, की त्यांचा विषय संपतो. तो इतक्या लवकर संपवू नये, असे मला वाटते.

बाळूंचा जन्म 1876 चा, धारवाडचा. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर ते खेळपट्टीवर रोलर फिरवीत आणि साहेबांना सरावासाठी तासन् तास चेंडू टाकीत. बॅट मात्र हाती मिळायची नाही; ते साहेबांचे काम! पण डाव्या हाताची गोलंदाजी अशी तयार झाली, की पुण्याच्या हिंदू संघाला त्यांना घ्यावेच लागले. घेतले, पण कसे? मैदानात सगळ्यांनी एकच चेंडू हाताळायचा. आणि चहाच्या वेळी इतरांना आत कपबशी, बाळूंना बाहेर, वापरून फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात. जेवणाचे पानही निराळे. पुढे मुंबईत रेल्वेची नोकरी लागली, हिंदू जिमखाना मिळाला. 1911 च्या विलायत दौऱ्यात त्यांनी 114 बळी घेतले. तरी हिंदू संघाचे कप्तानपद त्यांना दिले नाही ते नाहीच. धाकटे बंधू विठ्ठल 1923 मध्ये कप्तान झाले. त्याआधी 1920 साली भावांनी या अन्यायापायी खेळायला नकार दिला होता.

एवढे सोसलेला माणूस 1932 साली स्वतंत्र मतदारसंघाच्या विरोधात गेला, धर्मांतरालाही त्याने विरोध केला. का बरे? माझा तर्क असा, की दार हळूहळू का होईना, आतून उघडते, हे त्यांनी मैदानावर पाहिले होते. बाबासाहेबांचे म्हणणे उलट. दार उघडणाऱ्याच्या मर्जीवर किती पिढ्या थांबायचे? तरुणपणी त्यांना बाळूंचा मोठा अभिमान होता, हेही विसरू नये.

पुणे करारामुळे जागा राखीव, पण मतदान सर्व हिंदूंचे एकत्र. अशा पद्धतीत सवर्णांना रुचेल तोच अस्पृश्य निवडून येईल, ही बाबासाहेबांची धास्ती. भायखळ्यात तिचीच परीक्षा होती. मताचा हक्क तेव्हा सरसकट नव्हता. आंबेडकरांना 13,245 मते पडली, बाळूंना 11,225. फरक अवघा 2,020 चा. म्हणजे बाळूंच्या आवडत्या पद्धतीत बाबासाहेब जिंकले! पण धास्ती खोटी ठरली, असे म्हणावे तर 1952 साली मुंबईतच काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांनी त्यांना हरवले, काजरोळकरही चर्मकारच.

बाळूंना 11 हजार मते देणाऱ्यांत खेळाचे चाहते किती आणि काँग्रेसवाले किती, हे मोजणे कठीण. पण ते सारे फसलेले होते, असे धरून चालणे मला तरी पटत नाही. बाळू 1955 च्या जुलैत वारले. पुढच्याच वर्षी, 14 ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली.