आजोळ, सुट्टी आणि आईचा वाटा

मराठी शाळेच्या निबंधवहीत ‘माझी उन्हाळ्याची सुट्टी’ या विषयाला जो मान आहे तो ‘पावसाळ्यातील एक दिवस’ वगळला तर दुसऱ्या कोणत्याही विषयाला नसावा. या निबंधाचा साचाही ठरून गेलेला आहे. परीक्षा संपते, आगगाडी किंवा एस.टी. सुटते, फाट्यावर मामा उभा असतो, आजी भाकरतुकडा ओवाळून टाकते आणि मग आंबे, विहीर, पत्ते, गच्चीवरची झोप. ज्याचा मामा बोरिवलीच्या तिसऱ्या मजल्यावर राहतो तो विद्यार्थीसुद्धा कागदावर त्याला एक गाव, एक विहीर आणि एक आमराई बहाल करतो. आमच्यापैकी जे अध्यापन करतात त्यांना अशा वह्या तपासताना हसू येते. परंतु प्रत्यक्ष अनुभव नसतानाही जो साचा टिकून राहतो त्याकडे साहित्याच्या अभ्यासकाने नुसते हसून पाहणे बरे नव्हे. आम्हांला त्यातला एक शब्दप्रयोग फार दिवसांपासून खुपतो आहे. गाव मामाचाच का? आई त्या घरात जन्मली, आजी त्या घरात राहते, मुले तेथे जातात ती आईचे बोट धरून. तरी षष्ठीचा प्रत्यय लागतो तो मामाला. आमच्या मते या साऱ्या परंपरेचा इतिहास त्या प्रत्ययात दडलेला आहे.

प्रथम सुट्टीविषयी. ही सुट्टी आपल्याकडे अनादि काळापासून चालत आली आहे असे समजण्याचे कारण नाही. वेदपाठशाळेत अनध्याय असत, पण ते तिथींचे. प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्या असे विखुरलेले. सलग दीड-दोन महिने विद्या बंद ठेवण्याची कल्पना आली ती इंग्रजी कारभाराबरोबर. मुंबई इलाख्याचे सरकार उन्हाळ्यात महाबळेश्वरी जाई, वरिष्ठ न्यायालय दीर्घ रजा घेई, महाविद्यालये आणि शाळा मिटत. ज्यांच्या अंगाला येथला उकाडा सोसत नव्हता त्यांच्या सोयीने आखलेले हे वेळापत्रक आपल्या अंगवळणी असे पडले की ते आता ऋतूचाच भाग वाटते. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ साली सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला भरते तीही याच दिवसांत. मोठ्यांनी मोकळ्या वेळाचे काय करावे याला त्या पिढीने दिलेले ते एक उत्तर होते. मुलांसाठी असे उत्तर शोधण्याची गरज त्या वेळी कोणास वाटली नाही, कारण मुले गावी जात.

मात्र सुट्टीत प्रथम प्रवास करू लागला तो मामाकडे निघालेला भाचा नव्हे, तर घरी परतणारा विद्यार्थी. इंग्रजी शाळा तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या गावी असे. खेड्यातला मुलगा तेथे नातलगांकडे राही किंवा वार लावून जेवी. सुट्टी म्हणजे त्याचे घरी येणे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘श्यामची आई’मध्ये हेच चित्र आहे: शिक्षण दापोलीला, घर पालगडला. तेथे सुट्टीचे सुख म्हणजे आईच्या हातचे अन्न आणि आईच्या कामात लुडबूड. त्या पुस्तकातील आई आपल्या माहेरी नाही, सासरी आहे. सुट्टीत ती अधिकच राबते. मामाचा गाव पुढे सर्वांच्या जिभेवर रुळला, तेव्हा सुट्टीची ही जुनी दिशा विस्मरणात गेली.

दिशा बदलण्यासाठी वाहने लागतात. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. १८६३ मध्ये बोरघाट ओलांडला गेला आणि मुंबई-पुणे हा प्रवास काही तासांचा झाला. कोकणास रेल्वे नव्हती. तेथल्या चाकरमान्यांना आगबोट होती. मुंबईहून निघालेली बोट एकेक बंदर घेत रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले अशी खाली जाई. पावसाळ्यात समुद्र खवळला की बंदरे बंद होत. म्हणून मिरगाच्या आत परतणे भाग असे. शाळेचे वेळापत्रक आणि समुद्राचे वेळापत्रक असे एकमेकांत बसले. देशावर मोटारी होत्याच. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर सरकारी एस.टी.ची पहिली गाडी सुटली आणि रेल्वेच्या रुळांपासून दूर असलेली आजोळे हळूहळू आवाक्यात आली. मुलांची सुट्टी सामुदायिक झाली ती या लाल गाडीमुळे, असे आम्ही म्हणू.

परंतु वाहनाने परंपरा निर्माण होत नाही, तिची वाट फक्त मोकळी होते. शाळेच्या सुट्टीखाली एक फार जुना थर होता, तो माहेरपणाचा. रब्बीची मळणी उरकलेली, पेरणीस अवकाश, शेत उघडे पडलेले. लेकीला आणायचे ते याच दिवसांत. खानदेशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. तेथे हा लेकींचा सण. झाडाला झोके बांधायचे आणि सासुरवाशिणींनी ते उंच न्यायचे. बहिणाबाई चौधरींनी आखाजीवर कविता रचली आहे, आणि झोक्याचा तो मोकळेपणा किती थोड्या दिवसांचा असे हे ज्यांनी तिची सासर-माहेरची गाणी वाचली आहेत त्यांना सांगावयास नको. लेक आपली आपण येत नसे. तिला आणायला माहेरचा माणूस जाई. त्याला मुऱ्हाळी असा स्वतंत्र शब्द मराठीत आहे आणि तो बहुधा भाऊ असे. सासरने पाठवले तर यायचे, नाही तर मुऱ्हाळ्याने एकट्याने परतायचे. शाळा आल्या, सुट्टी आली, आणि या जुन्या रिवाजास एक नवे, निर्विवाद निमित्त मिळाले: मुलांना आजोळी न्यायचे आहे. स्वतःसाठी रजा मागणे जिला अवघड होते तिला मुलांच्या नावाने ती मागता आली. मुलांची सुट्टी ही पुष्कळ घरांत आईची सुट्टी होती. फक्त ती मुलांच्या नावावर नोंदली गेली.

आता त्या सुखांकडे वळू. त्यांचा उल्लेख साधी सुखे असा केला जातो आणि पैशाच्या हिशेबाने ते खरेही आहे. रायवळ आंब्यांची गवतात घातलेली अढी. तिच्यातून पिकलेला आंबा वासावरून हुडकून काढण्याची स्पर्धा. बाठा चोखून पांढरा होईपर्यंत न टाकण्याचा अलिखित नियम. करवंदे, जांभळे, ताडगोळे. पाठीला भोपळा बांधून विहिरीत सोडलेला भाचा. भर दुपारी बाहेर पडण्यास मनाई, म्हणून माजघराच्या थंड शेणजमिनीवर पाच-तीन-दोन, झब्बू, बदाम सात. मुलींचे सागरगोटे, चिंचोके. शहरात राहून गेलेल्यांना वेगळे काही मिळू लागले. वा. गो. आपट्यांचे ‘आनंद’ १९०६ पासून निघत होते, सुधा करमरकरांनी १९५९ साली लिटल थिएटर सुरू केले, ‘किशोर’ १९७१ मध्ये आले. तरी गावाहून परतलेल्या मुलाच्या गुडघ्यावरील खपल्यांपुढे नाटक पाहिलेल्याची मिजास फिकी पडे.

या सुखांतील वाळवणापाशी थोडे थांबले पाहिजे. कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे, मग वाटून, गाळून, निवळू देऊन वरचे पाणी ओतून द्यायचे आणि खाली बसलेला चीक पहाटे शिजवायला घ्यायचा. उन्हे चढण्याच्या आत सोऱ्यातून कुरडया पडल्या पाहिजेत, नाही तर दिवस फुकट. आठवणी सांगणाऱ्यांच्या लेखनात या साऱ्यातून एकच गोष्ट उरते: वाटीतला गरम चीक, त्यावर तेल किंवा दूध-साखर. फार तर काठी घेऊन कावळे हाकण्याची राखणदारी आणि ओल्या पापडाची चोरी. मूल जे पाहते तेच त्याला आठवणार, त्याबद्दल त्याला दोष नाही. पण पातेल्याशी पहाटे चारला कोण उभे होते, हे प्रौढ लेखकाने तरी विचारायचे होते.

उभी होती मामी. मराठी बालसाहित्यात मामीइतकी उपेक्षा क्वचितच कोणाच्या वाट्यास आली असेल. गदिमांच्या आगगाडीच्या गाण्यात ती येते ती सुगरण म्हणून आणि परक्या पोरांकडे जरा नाखुशीने पाहणारी गोरी बाई म्हणून. त्या नाखुशीला कारण होते. नणंद चार मुले घेऊन महिनाभर राहायला आली म्हणजे हिला महिनाभर उसंत नाही. आणि नणंद घरात असेतो हिला स्वतःच्या माहेरी जाता येत नाही. दोघींची मुले एकाच शाळेच्या वेळापत्रकाने बांधलेली. तेव्हा एकीचे माहेरपण दुसरीच्या माहेरपणातून वजा होई, हे साधे अंकगणित होते. काही घरांत पाळी ठरे: वैशाख नणंदेचा, ज्येष्ठ हिचा. ज्येष्ठात पाऊस येतो आणि शाळाही उघडतात.

या चित्राबाहेर कोण राहिले हेही पाहिले पाहिजे. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) मुंबईचा कावाखाना आणि गाव अशी येजा आहे, पण ते गाव मुलाला झोका देणारे नाही, बलुत्याच्या कामाला जुंपणारे आहे. बीडकडचे ऊसतोड कुटुंब दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघते आणि हंगाम सरल्यावर मार्च-एप्रिलात घरी येते. त्यातले जे मूल आईबापांबरोबर फडावर गेले होते ते गावी पोहोचते तेव्हा शाळा मिटण्याच्या बेतात असते. त्याला ‘सुट्टी कशी घालवली’ असे विचारणारा निबंध आम्हांस तरी क्रूर वाटतो.

आता पुन्हा त्या प्रत्ययाकडे. गाव मामाचा, कारण घर मामाचे. एकत्र कुटुंबाच्या जमिनीत जन्माने हक्क मुलाला होता, मुलीला नव्हता. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने तिला वारस मानले, पण सहदायाद केले नाही. महाराष्ट्राने १९९४ साली अविवाहित मुलींपुरती ती दुरुस्ती केली आणि २००५ मध्ये ती देशभर सर्व मुलींना लागू झाली. त्याआधीच्या पिढ्यान्‌पिढ्यांत लेकीला माहेरून जे मिळे ते रोख नव्हे, वस्तुरूपाने: दरवर्षीचे माहेरपण, जाताना साडीचोळी, आंब्यांची करंडी, कुरडयांचा डबा, मुलांना कपडे. आम्ही असे म्हणतो की अढीतला आंबा हा नाकारलेल्या वाट्यावरील व्याज होते. त्यात प्रेम नव्हते असा याचा अर्थ कोणी करू नये. भावाचे प्रेम खरे होते, म्हणूनच हिशेब कधी मांडला गेला नाही. मुलांना तो दिसण्याचा प्रश्नच नव्हता. ती मामाच्या आमराईत होती.

पुढची पडझड सर्वज्ञात आहे. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपानंतर कोकणातील आणि घाटावरील असंख्य कुटुंबांचे मुंबई-गाव हे चक्र मोडले. २६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, तोवर मुलांच्या दारी समर कॅम्प येऊन उभे होते. या काळात सुट्टीच्या आठवणींचे लेखन मात्र वाढले. दिवाळी अंक आणि रविवारच्या पुरवण्या त्याने भरल्या. हा योगायोग नाही. पण त्या लेखनात २००५ चा कायदा कोठे दिसत नाही. प्रत्यक्षात तो आजोळाच्या ओसरीपर्यंत केव्हाच पोहोचला आहे. जमिनींना भाव आला, भावांना फेरफार करून घ्यायचे असतात, आणि कित्येक घरांत बहिणी मे महिन्यात एकत्र आलेल्या असतात. मग एके सकाळी सगळे मिळून तालुक्याला, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जातात. हक्कसोडपत्रावर बहिणी सह्या करतात. पुष्कळदा आनंदाने, ‘मला माहेर उघडे राहिले म्हणजे झाले’ असे म्हणत. दुपारी घरी आमरसाचे जेवण असते आणि वाढायला मामी उभी असते. तिची सही तिच्या माहेरी आधीच झालेली असते.