व्यासंग

‘व्यासंग’ या शब्दाचा व्यासमुनींशी संबंध नाही. वि, आ हे उपसर्ग आणि ‘सञ्ज्’, म्हणजे चिकटणे, हा संस्कृत धातू. संग, प्रसंग, आसक्ती हे त्याच घरातले. संस्कृतात व्यासंग म्हणजे अतिशय आसक्ती, अगदी व्यसनासारखीसुद्धा. मराठीने तो अभ्यासाला वाहिला. हे मला फार मोलाचे वाटते. विद्याही जडावी लागते!

धर्मशास्त्राचे अभ्यासक पां. वा. काणे मुंबईत वकिली करत. त्यांच्या ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’ या ग्रंथाचा पहिला खंड १९३० साली आला, पाचवा १९६२ साली पूर्ण झाला, तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. हा व्यासंग.

आपली आवड सापडत नाही म्हणणाऱ्या तरुणांनो, एखादा विषय निवडा आणि काही वर्षे त्याला चिकटून तर राहा.