कानाची तागडी

लिहिलेले उत्तर पुन्हा वाचता येते. शंका आली तर ते दुसऱ्या परीक्षकाकडे धाडता येते. बोललेले उत्तर मात्र बोलता बोलताच हवेत विरते आणि मागे उरतो तो परीक्षकाने मांडलेला आकडा. मग मुखाने दिलेल्या परीक्षेचे माप न्यायाने घ्यावे कसे? तोंडी परीक्षेच्या दिवशी शाळाशाळांतून शिक्षकांना पडणारा हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे, आणि त्याचा माग काढू लागले की पाऊल पहिल्याने गोदाकाठीच पडते.

२०२५ च्या अखेरीस काशीक्षेत्री एका तरुण महाराष्ट्रीय वैदिकाने शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेचे दंडक्रम पारायण पन्नास दिवसांत पुरे केले. त्या वेळी एक जुनी आठवण पुन्हा निघाली. असे पारायण सुमारे दोनशे वर्षांपूर्वी नाशिकात वेदमूर्ती नारायणशास्त्री देव यांनी केले होते, असे सांगतात. नाशिक-त्र्यंबकात या शाखेची घराणी पुष्कळ. तेव्हा ही आठवण नाशिकचीच असावी यात नवल नाही.

दंडक्रम म्हणजे काय, हे कळण्यास वेदपाठाची रीत थोडी जाणून घ्यावी लागते. संहिता, पद आणि क्रम हे पहिले तीन पाठ. त्यापुढे जटा, माला, शिखा, रेखा, ध्वज, दंड, रथ आणि घन अशा आठ विकृती. वेदमंत्राऐवजी आपले घरगुती तीन शब्द घेऊ: ‘दिवाळी आली घरी’. क्रमपाठात म्हणायचे, ‘दिवाळी आली, आली घरी’. जटेत पहिली जोडी अशी होते: ‘दिवाळी आली, आली दिवाळी, दिवाळी आली’. आणि घनात: ‘दिवाळी आली, आली दिवाळी, दिवाळी आली घरी, घरी आली दिवाळी, दिवाळी आली घरी’. फराळ करता करता मुलांकडून हे म्हणवून पाहावे. तीन शब्दांना जीभ अडखळते; मग हजारो मंत्रांची कथा काय!

ही केवळ जिभेची कसरत नव्हे. शब्द उलटसुलट गुंफल्यामुळे एखादा गळला किंवा बदलला तर तो लगेच उघडा पडतो. माध्यंदिन शाखेत स्वराबरोबर हातही चालतो. स्वराप्रमाणे हात वर, खाली वा बाजूस जातो. त्यामुळे कानाला निसटलेली चूक डोळ्याला सापडते. म्हणजे चूक पकडण्याची सोय परीक्षकाच्या मर्जीवर न सोडता पाठातच करून ठेवली होती.

प्रश्न कोठून विचारायचा, यावरही तोड होती. शलाका परीक्षेत पोथीत काडी घालीत. जे पान उघडेल तेथून विद्यार्थ्याने सुरुवात करायची. आवडत्या शिष्याला सोपा भाग आणि नावडत्याला अवघड, ही शंका काडीने मिटविली. शिवाय भोवती जाणकार बसलेले असत. परीक्षकाने चूक ऐकून न ऐकल्यासारखी केली तर ती त्यांच्याही कानी पडलेली असे. विद्यार्थ्याबरोबर परीक्षकाचीही परीक्षाच चाले म्हणा ना!

पुण्यात या परीक्षेला दरबारी रूप आले. सेनापती खंडेराव दाभाडे यांनी श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याची प्रथा सुरू केली. त्र्यंबकराव दाभाडे १७३१ साली डभईच्या लढाईत पडल्यावर ती पेशव्यांनी आपल्याकडे घेतली. पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात सामान्य भिक्षुकांना ठरावीक दक्षिणा मिळे. विद्वानांची मात्र योग्यता पाहून तिचे मान ठरे. येथे तोंडी परीक्षेतला खरा धोका दिसतो. समोरचा माणूस ओळखीचा असला तर तागडी सरळ कशी धरावी? रामशास्त्री प्रभुणे यांची आख्यायिका प्रसिद्ध आहे. त्यांचे वडील बंधू दक्षिणेस आले तेव्हा शास्त्रीबुवांकडे पाहून नाना फडणिसांनी त्यांना अधिक रक्कम देऊ केली. शास्त्रीबुवा म्हणाले की, यांची विद्या साधारण आहे, इतरांना मिळते तेवढेच यांना द्यावे. भाऊ म्हणून द्यायचे ते मी देईन. आख्यायिकेचा तपशील कसाही असो, लोकांनी ती इतकी वर्षे जपली, कारण परीक्षकाकडून त्यांची अपेक्षा हीच होती.

तथापि या व्यवस्थेचे गुण गाताना तिचे बंद दारही सांगितले पाहिजे. तागडी कितीही सरळ असली तरी तिच्यासमोर उभे राहण्याची मुभा मूठभरांनाच होती. स्त्रियांना व इतर जातींना तेथे प्रवेश नव्हता. ज्या पंचवटीत वेदघोष घुमे, त्याच पंचवटीत काळाराम मंदिराच्या दाराशी २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू करावा लागला, हे विसरून चालणार नाही.

हे दार एका मराठी मुलीने फार दूरच्या नगरीत ढकलले. रमाबाई डोंगरे यांचा जन्म १८५८ चा. आईवडिलांनी त्यांना संस्कृत मुखोद्गत करविले. आईवडील दुष्काळाच्या दिवसांत गेले आणि भावाबरोबर पायी हिंडत, पुराणे सांगत त्या १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील पंडितांनी त्यांना समोर बसवून प्रश्न केले आणि ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. रमाबाईंपाशी ना शाळेचा दाखला होता ना विद्यापीठाचे प्रमाणपत्र. ज्यांना कागद मिळालेला नाही त्यांची विद्या केवळ ऐकून ओळखता येते, हे तोंडी परीक्षेचे मोठेच सामर्थ्य त्या दिवशी दिसले.

परंतु काळाचा ओघ कागदाकडे होता. अमेरिकेत बोस्टन शहरी वर्षातून एकदा पाहुणे शाळेत येऊन काही मुलांना काही प्रश्न विचारीत आणि त्यावरून साऱ्या शाळेची योग्यता ठरे. १८४५ साली होरेस मान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याऐवजी छापील प्रश्न आणि लेखी उत्तरे आणली. सर्वांना एकच प्रश्न आणि सारखाच वेळ, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता. आपल्याकडेही इंग्रजी अमलात दक्षिणेचा काही भाग १८५१ पासून मराठी ग्रंथांच्या बक्षिसांकडे वळला. १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघाले, आणि पुढे उत्तरपत्रिकेचे राज्य पक्के झाले.

तोंडी परीक्षा मात्र संपली नाही. महाराष्ट्रात दहावीच्या भाषा विषयांचे २० गुण शाळेच्या हाती असत आणि त्यांत तोंडी परीक्षेचा वाटा असे. शाळा हे गुण सढळ हाताने वाटतात, अशी ओरड होती. २०१८-१९ मध्ये ते काढून टाकले. मार्च २०१९ च्या परीक्षेचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. अभ्यासक्रमही त्याच वर्षी बदलला होता, तेव्हा सारा दोष एकाच कारणावर टाकता येत नाही. पण पुढच्याच वर्षी ते गुण परत आले.

वाचकहो, या घालमेलीत गुण द्यावे की काढावे एवढाच वाद झाला. ऐकावे कसे, याचा विचार मागे पडला. वास्तविक जुन्या लोकांच्या युक्त्या साध्या होत्या. प्रश्न चिठ्ठी टाकून निघावा, चूक कशाला म्हणायचे ते आधी सर्वांना ठाऊक असावे, एका कानाऐवजी दोन कान असावेत आणि परीक्षा चारचौघांसमोर व्हावी. यासाठी फारसा खर्च लागत नाही. घनपाठाच्या परीक्षेत पाठांतर आणि स्वर यांचे माप होई. आजच्या मुलाने स्वतःच्या विचाराने बोलावे अशी आपली अपेक्षा आहे, म्हणून विचारासाठी वेगळे गुण ठेवावे लागतील. मोठ्या आवाजाच्या, धीट मुलाला त्या आवाजाचेच गुण मिळू नयेत, आणि अडखळत का होईना पण नेमके बोलणाऱ्या मुलीचे म्हणणे पुरते ऐकून घेतले जावे, इतके साधले तरी पुष्कळ झाले.

दिवाळीत घरोघरी पाहुणे येतात आणि लेकरांना कविता म्हणायला उभे केले जाते. तीही एक तोंडी परीक्षाच. त्या वेळी हातातली करंजी क्षणभर ताटात ठेवून शेवटच्या ओळीपर्यंत ऐकावे. कारण आपण ऐकतो की नाही, हे त्या लेकराला बरोबर कळते.