समलिंगी व्यक्ती आणि शासकीय पदे (अमेरिकेची संयुक्त संस्थाने)

उघडपणे समलिंगी असलेल्या व्यक्तींना शासकीय पदांवर घेण्यास अमेरिकेत राजकीय मान्यता मिळत गेली, ती मुख्यतः विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. शीतयुद्धाच्या प्रारंभी, १९५० मध्ये, सीनेटच्या एका समितीने अशा व्यक्ती शासकीय सेवेस अपात्र असल्याचा निष्कर्ष काढला. त्यांचे गुपित हाती लागल्यास परकीय हेर धमकावून राज्याची रहस्ये काढून घेतील, हे त्याचे एक प्रमुख कारण होते. २७ एप्रिल १९५३ रोजी राष्ट्राध्यक्ष आयझनहौअर यांनी काढलेल्या आदेश क्र. १०४५० ने ‘लैंगिक विकृती’ हा सुरक्षा-चौकशीचा एक निकष ठरविला व हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. या युक्तिवादातील दोष उघड आहे : सत्य सांगणारासही बडतर्फीच मिळत असल्याने ते लपविणे भाग पडे आणि धमकीस वाव मिळे तो या लपविण्यामुळेच.

खगोलशास्त्रज्ञ फ्रँक कॅमेनी (१९२५–२०११) यांना १९५७ मध्ये सैन्याच्या नकाशा-विभागातून काढून टाकण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाकडे त्यांनी स्वतःच अर्ज लिहिला. १९६१ मध्ये तो दाखल करून घेण्यास न्यायालयाने नकार दिला. तथापि १९६९ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने खाजगी वर्तनाचा कार्यक्षमतेशी संबंध दाखविल्याविना बडतर्फी करता येणार नाही, असा निर्णय दुसऱ्या एका खटल्यात दिला. १९७५ मध्ये मुलकी सेवा आयोगाने आपले नियम बदलले. सुरक्षाविषयक परवान्यातील अडसर मात्र १९९५ पर्यंत टिकला.

राजकीय नियुक्त्यांचा प्रश्न याहून बिकट ठरला. १९९७ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी जेम्स हॉर्मेल यांचे नाव लक्सेंबर्गच्या राजदूतपदासाठी सुचविले. परराष्ट्रव्यवहार समितीने ते १६ विरुद्ध २ मतांनी संमत केले. परंतु काही सीनेटरांनी ते मतदानासच येऊ दिले नाही. येथे आक्षेप गुपिताचा नव्हता, उघडपणाचा होता. हॉर्मेल पदाचा उपयोग समलिंगींच्या हक्कांच्या प्रचारासाठी करतील, असे विरोधक म्हणत. अखेरीस जून १९९९ मध्ये सीनेटच्या विश्रामकाळात क्लिंटन यांनी त्यांची नेमणूक केली. उलट २००१ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी रुमानियासाठी निवडलेले मायकेल गेस्ट यांस सीनेटची संमती मिळाली. गेस्ट पक्षीय देणगीदार नव्हते, परराष्ट्र सेवेतील मुरलेले अधिकारी होते, हा फरक ध्यानात घ्यावयास हवा. समलिंगी राजनयज्ञांच्या जोडीदारांना मिळणाऱ्या असमान वागणुकीच्या निषेधार्थ त्यांनी २००७ मध्ये सेवा सोडली.

मुलकी सेवा आयोगाच्या उत्तराधिकारी कार्यालयाने २००९ मध्ये कॅमेनी यांची औपचारिक क्षमा मागितली. त्या कार्यालयाचे तत्कालीन संचालक जॉन बेरी हे स्वतः उघडपणे समलिंगी होते. टॅमी बॉल्डविन २०१२ मध्ये सीनेटवर निवडून आल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये पीट बुटिजेज यांच्या परिवहनमंत्रिपदास सीनेटने ८६ विरुद्ध १३ मतांनी, तर जानेवारी २०२५ मध्ये रिपब्लिकन शासनातील स्कॉट बेसंट यांच्या अर्थमंत्रिपदास ६८ विरुद्ध २९ मतांनी संमती दिली.