गोगलगाय विरुद्ध लाव्हा

निपाणीच्या तंबाखूच्या रानात विहीर खणायला घेतली की काळी माती संपते, मुरूम लागतो आणि मग घणाला दाद न देणारा काळा दगड. हा दख्खनचा लाव्हा. पूर्वेला गोकाकचा धबधबा सुमारे 52 मीटर खाली कोसळतो, तो कडा मात्र वालुकाश्माचा. त्या भागात लाव्हा वालुकाश्मावर बसलेला दिसतो, म्हणजे वालुकाश्म आधीचा. एवढे कुणालाही कळावे. रॉबर्ट ब्रूस फूट यांनी 1876 च्या दक्षिण मराठा मुलखावरच्या अहवालात या थरांचा क्रम मांडला. पण आधी कोण आणि नंतर कोण हे कळले, तरी किती वर्षांपूर्वी ते कळत नाही. लाव्ह्याचा एक लोंढा थिजल्यावर दुसरा येईपर्यंत खोलगटीत तळी साचत, त्यांच्या गाळात गोगलगायी आणि पाणवनस्पती गाडल्या जात. गोकाक तालुक्यातही असे थर आहेत. भांडण याच थरांवरून झाले.

नागपूरकडच्या अशाच थरांतले शंख पाहून स्टीफन हिस्लॉप यांनी 1860 मध्ये ते डायनोसॉरांच्या नंतरचे ठरवले. 1934 मध्ये बिरबल साहनी यांनी वनस्पतींच्या अवशेषांवरून तोच कौल दिला. यावर जुना आक्षेप असा, की शंखावरून दगडाचे वय काढायचे आणि दगडावरून शंखाचे, हे तर घाण्याच्या बैलासारखे गोल फिरणे झाले. जीवाश्मांखेरीज दुसरा साक्षीदार नव्हता तोवर आक्षेपात दम होता. पण लाव्ह्यात पोटॅशियम असते, त्यातल्या एका प्रकाराचा काही भाग फार सावकाश आर्गॉन वायूत बदलतो. 125 कोटी वर्षांत तो प्रकार निम्मा उरतो. रस उकळता असताना आधीचा आर्गॉन निघून जातो, म्हणून मोजणी दगड थिजल्यापासून सुरू होते. झिजलेल्या दगडातून आर्गॉन निसटतो, हेही खरे. सुरुवातीची वये त्यामुळेच विस्कळीत आली. मग लाव्ह्यांच्या मधल्या तांबड्या थरांतले झिर्कॉनचे कण घेऊन युरेनियम आणि शिसे मोजले गेले. दोन्ही घड्याळे 6.6 कोटी वर्षांच्या आसपास जुळली. गोगलगायीला यात कुणी काही विचारले नव्हते. उलट निकाल तिच्या नावावर खपवलेल्या मताविरुद्ध गेला: लाव्ह्याचा मोठा भाग डायनोसॉर संपण्याच्या सुमारालाच वाहिला होता. वाट खरोखर गोल असती, तर ती जिथून निघाली तिथेच परत आली असती.

ही घड्याळे सगळीकडे चालत नाहीत, हे मात्र कबूल करावे लागते. गोकाकजवळ चिकदौलीला फूट यांना गेंड्याचे अवशेष सापडले; 1874 मध्ये त्यांनी त्याला दख्खनचे नाव दिले. तो गेंडा गाळात होता, दोन लाव्ह्यांच्या मध्ये नव्हता. त्याचे वय सांगायला 6.6 कोटींचा आकडा कामाचा नाही.