साडेआठ लुगड्यांचा इतिहास

आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या जुन्या मॅट्रिकवाल्यांना झोपेतून उठवून "1066?" असं विचारलं, की ते डोळे न उघडता "हेस्टिंग्जची लढाई, विल्यम द कॉन्करर" असं सांगत आणि पुन्हा घोरू लागत. "आणि 1724?" म्हटलं, की मात्र खडबडून जागे होत आणि आपल्याकडेच संशयाने बघत. वास्तविक 1724ची लढाई त्यांच्या उशाशी झालेली. मेहकरहून एसटीत बसलं तर एक डुलकी पुरी व्हायच्या आत येणाऱ्या साखरखेर्ड्याला! पण ती पेपरात येत नसे. आणि जी लढाई पेपरात येत नाही, ती झाली की नाही याची चौकशी कोण करतो?

मला ही 1724 आठवली ती इंग्लंडात, रेडिंग गावी. (स्पेलिंग वाचनाचं, उच्चार 'रेडिंग'. इंग्रजांनी स्वतःच्या गावांशीसुद्धा सरळ व्यवहार केलेला नाही.) तिथे मुलीचा संसार. एका पावसाळी सकाळी तिने आम्हां उभयतांना गावातल्या वस्तुसंग्रहालयात सोडलं. प्रवेश फुकट होता. फुकट म्हटलं की इतिहासाची गोडी आपोआप वाढते.

आत एक भरतकामाची पट्टी. रुंदी हातभर, लांबी सुमारे 70 मीटर. मी पाटी वाचेपर्यंत सौ.चा हिशेब झालासुद्धा.

"अहो, साडेआठ नऊवारी लुगडी झाली की ही!"

मूळ पट्टी फ्रान्समधल्या बायो गावची. तिला जगभर 'टॅपेस्ट्री' म्हणतात. पण टॅपेस्ट्री मागावर विणतात, आणि हे तर लिननवर लोकरीने भरलेलं. लिनन म्हणजे जवसाच्या झाडाच्या धाग्याचं कापड. आपण जवसाची चटणी केली, त्यांनी इतिहास केला!

गोष्ट तशी भाऊबंदकीची. इंग्लंडचा राजा एडवर्ड निपुत्रिक वारला. मेहुणा हॅरॉल्ड गादीवर बसला. समुद्रापलीकडे नॉर्मंडीचा सरदार विल्यम, म्हणजे उत्तरेकडून बोटींतून येऊन फ्रान्समध्ये घरं करून राहिलेल्या दर्यावर्द्यांचा वंशज, म्हणाला, "गादी मला कबूल केली होती." पुढे झाडं तोडणं, बोटी बांधणं, बोटींत घोडे चढवणं, उतरल्यावर आधी स्वयंपाक आणि मग 14 ऑक्टोबर 1066ची लढाई. मधे आकाशात एक झुपकेदार तारा आणि त्याच्याकडे बोट दाखवणारी माणसं. हा हॅलेचा धूमकेतू. 1986 साली आपण गच्चीवर चढून जो शोधत होतो, तोच. सौ.ला त्याचं विशेष वाटलं नाही. "नुसता येऊन गेला ना? खड्डा तं नाही पाडला?" लोणारच्या माहेरवाशिणीला आकाशाची भीती कोण घालणार!

रेडिंगची पट्टी ही नक्कल. लीक नावाच्या गावात एलिझाबेथ वॉर्डल या बाईंनी 1885-86 साली पस्तीस बायका जमवून ती भरली. लोकर रंगवून दिली यजमानांनी. हे थॉमस वॉर्डल म्हणजे आपल्याकडच्या टसर रेशमाचे आणि वनस्पतींच्या रंगांचे मोठे अभ्यासक. पुढे 1895 साली ती पट्टी रेडिंगला आली. मूळ कापडाच्या काठावर एक-दोन पुरुष जन्मले तसेच उभे आहेत. बायकांना नकलेसाठी जी छायाचित्रं मिळाली, त्यांत आधीच एकाची अब्रू झाकलेली. त्यामुळे विल्यमच्या काळातला तो गृहस्थ रेडिंगात चड्डी घालून उभा आहे. इतिहासाला चड्डी घालायची पद्धत फक्त आपल्याकडेच आहे असं कोणी समजू नये.

मी राजांची नावं वाचत होतो. सौ. मात्र वाकून खालच्या कडेची नावं वाचत होती. त्या पस्तीस जणींनी आपापल्या तुकड्याखाली स्वतःचं नाव दोऱ्याने भरून ठेवलं आहे.

"आणि मूळच्या बायांची नावं काहून नाही?"

नाहीत खरी. अभ्यासकांपैकी बहुतेकांचं मत असं, की ते कापड विल्यमच्या सावत्रभावाने, बिशप ओडोने, करवून घेतलं आणि भरलं इंग्लंडातच. भरणारे हात बायकांचेच असावेत, असंही मानतात. म्हणजे ज्यांच्या घरचे पुरुष हेस्टिंग्जला पडले, त्याच मुलखातल्या बायकांच्या सुईला जिंकणाऱ्याचा पराक्रम काढायची आज्ञा! त्यांनी तो काढला. पण खालच्या काठावर मेलेल्यांची चिलखतं ओरबाडणारे सैनिकही काढले, आणि एका जळत्या घरातून लेकराचा हात धरून निघालेली बाई.

साखरखेर्ड्याच्या लढाईला असं कापड नाही. तारीख तिचीही ऑक्टोबरचीच, 11 तारीख. दिल्लीच्या बादशहाच्या चिथावणीने मुबारिजखान निजामुल्मुल्कावर चालून आला आणि मारला गेला. निजामाने त्याचं मुंडकं दिल्लीला पाठवलं. बादशहाने पुढच्याच वर्षी निजामाला 'आसफजाह' किताब दिला. हैदराबादची आसफजाही इथून उभी राहिली ती 1948पर्यंत. आमचं वऱ्हाड 1853 साली इंग्रजांच्या हाती गेलं तेही निजामाच्या हातून. विजयाची खूण म्हणून गावाला 'फत्तेखेडा' नाव मिळालं. कागदोपत्री ते काही काळ चाललंही. पण पाणी भरणाऱ्या, सोयरिकी जमवणाऱ्या माणसांनी ते तोंडात धरलं नाही. एसटीची पाटी आजही साखरखेर्डाच सांगते. फत्ते विरघळली, साखर राहिली.

त्या ऑक्टोबरात साखरखेर्ड्यातून कोणती बाई कोणत्या लेकराचा हात धरून निघाली, ते मात्र कुठेच भरलेलं नाही.

आमच्या घरी आईच्या हातची एक गोधडी आहे. वडिलांचं धोतर, आत्याच्या लग्नातलं लुगडं, माझा मुंजीतला सदरा, सगळं धावदोऱ्याने एकात एक धरलेलं. परत आल्यावर सौ.ने तिच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने साखळीटाका घालून आईचं नाव भरलं. सासरचं नव्हे, माहेरचं. ते तिला कोणी विचारलं, देव जाणे. मला तर मोठ्या बहिणीला फोन करून खात्री करून घ्यावी लागली.