वजनकाटा, मोहल्ला आणि आपली मुले

२००१ साली शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत स्कोडाच्या मोटारी जुळू लागल्या. त्याच सुमारास जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, वैजापूर तालुक्यात, कुपोषणाने बालके दगावल्याच्या बातम्या छापून येत होत्या. औरंगाबादच्या (तेव्हा नाव हेच होते, म्हणून या लेखात हेच वापरतो) अलीकडच्या इतिहासात पहिली घटना अभिमानाने सांगितली जाते. दुसरी फारशी कुणाच्या लक्षात नाही. मला मात्र दुसरीच जास्त महत्त्वाची वाटते. कारण त्या मृत्यूंनंतर मराठवाड्यात मुले मोजण्याचे, म्हणजे अगदी काट्यावर ठेवून वजन करण्याचे काम जितक्या गांभीर्याने झाले, तितके त्याआधी क्वचितच झाले असेल.

एकात्मिक बालविकास योजना देशात २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. अंगणवाडी आली, सेविका आली, खाऊ आला आणि छताला अडकवायचा झोळीचा काटाही आला. कागदावर सगळे होते. दर महिन्याला मुलाचे वजन घ्यायचे आणि वयाप्रमाणे त्याला श्रेणी द्यायची. वजन प्रमाणाच्या ८० टक्क्यांहून जास्त असेल तर मूल सर्वसाधारण. त्याखाली पहिली, दुसरी, तिसरी श्रेणी आणि ५० टक्के किंवा त्याहूनही कमी भरले तर चौथी. हे प्रमाण मुळात अमेरिकेतल्या बोस्टन शहरातील मुलांवरून ठरलेले होते. वैजापूरचे मूल बोस्टनच्या मुलाशी ताडून पाहिले जात होते, आणि कित्येकदा तेही होत नव्हते, कारण काट्यावर चढण्याआधीच वहीत आकडा भरलेला असे.

माझी फुफी पंचवीस वर्षे अंगणवाडी सेविका होती. ती सांगते, वहीत तिसरी-चौथी श्रेणी दाखवली की वरून विचारणा होई: तुमच्याच गावात कशी निघाली? मग पोषण आहार कुठे गेला? आजारी मूल दाखवणारीच गुन्हेगार ठरायची. दुसरी अडचण घराघरांत होती. काटा पाहिला की आया मुलाला पदराआड घेत. "बच्चे को तोलते नै, नजर लगती." हे आपल्याच मोहल्ल्यात चाले असे कुणी समजू नये. तांड्यावर, मराठा वस्तीत, दलित वस्तीतही हीच भीती होती, शब्द तेवढे वेगळे. फुफीने त्यावर उपाय काढला होता. आधी स्वतःच्या नातवाला झोळीत बसवायची, मग इतरांना बोलवायची.

दाखवण्याची भीती आणि मोजण्याची भीती अशा दोन्हींमुळे महाराष्ट्रात बालमृत्यू दिसतच नव्हते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बालकांची घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष आले: ३९ गावांत नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी घटला होता. त्या शोधाची दुसरी बाजू मला तेवढीच मोलाची वाटते. या कामात गावात जन्मलेले आणि गेलेले प्रत्येक मूल नोंदवले जात होते. पुढे बंग आणि राज्यातल्या इतर संस्थांनी मिळून केलेल्या पाहणीचा 'कोवळी पानगळ' हा अहवाल २००१ मध्ये आला. सरकारी दप्तरात जेवढे बालमृत्यू दिसतात, त्याहून कितीतरी जास्त प्रत्यक्षात होतात, हे त्याने उघड केले. मूल मेले आणि नोंदही झाली नाही, म्हणजे ते दोनदा नाकारले गेले.

या पार्श्वभूमीवर २००२ मध्ये मराठवाड्याचे विभागीय आयुक्त व्ही. रमणी यांनी आठही जिल्ह्यांत बालविकासाची मोहीम हाती घेतली. मोहिमेचे मर्म साधे होते. प्रत्येक मुलाचे वजन करा आणि तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतले मूल शोधून त्याच्यावर लक्ष ठेवा. आरोग्य खाते आणि महिला व बालकल्याण खाते ही दोन दारे एकमेकांकडे पाठ फिरवून उभी असत. त्यांना एकाच मुलाकडे पाहायला लावणे हेच त्यातले अवघड काम होते. यातूनच २००५ मध्ये राज्याचे राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन उभे राहिले आणि त्याचे कार्यालय मुंबईत नाही, औरंगाबादेत थाटले गेले. मागास म्हणून हिणवल्या जाणाऱ्या मराठवाड्यातून राज्याने एक रीत उचलली, हे आपल्याकडच्या इतिहासाच्या पुस्तकांत यायला हवे होते.

परिणाम काय झाला? २००५-०६ मध्ये महाराष्ट्रातली दोन वर्षांखालील ३९ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी होती. २०१२ च्या राज्यव्यापी पोषण पाहणीत हे प्रमाण २४ टक्क्यांच्या आसपास आले. इंग्लंडच्या संशोधकांनी २०१४ मध्ये याची कारणे शोधली, तेव्हा एकच एक जादू सापडली नाही. मुलींचे लग्नाचे वय, आईचे शिक्षण, गरोदरपणातली तपासणी, घरची परिस्थिती, सगळे थोडे थोडे सुधारले होते. पण गोष्ट इथे गोड होत नाही. पाच वर्षांखालील खुज्या मुलांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के होते, २०१९-२१ मध्ये ते ३५.२ झाले. उंचीच्या मानाने वजन कमी असलेली मुले २००५-०६ मध्ये १६.५ टक्के होती, ती २५.६ वर गेली आणि तिथेच थांबली. पहिला उत्साह ओसरला की काटाही गंजतो.

आता आपल्या समाजाकडे येतो. सच्चर समितीचा अहवाल २००६ मध्ये आला. त्यातले नोकऱ्यांचे आणि शिक्षणाचे आकडे आपण भाषणांत शेकडो वेळा ऐकले. मुलांच्या आरोग्याचे पान फारसे कुणी उघडले नाही. त्यात एक चक्रावून टाकणारी गोष्ट आहे. मुस्लिम गरीब आहेत, सरकारी सोयी त्यांच्यापर्यंत कमी पोहोचतात, तरी मुस्लिम बालकांचा मृत्यूदर हिंदू बालकांपेक्षा कमी आहे. त्याच वेळी खुजेपणात मात्र मुस्लिम मुले वरच्या क्रमांकांत आहेत. जगतात जास्त, पण वाढत नाहीत.

सोनिया भालोत्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये या कोड्यावर सविस्तर लिहिले. हा फरक कित्येक दशके चालत आला आहे आणि मुलगा-मुलगी या फरकापेक्षा तो मोठा आहे, असे त्यांना आढळले. हे वाचून आपल्यातले काही जण खूश होतील: पाहा, इस्लाममधल्या पाकीचा, तहारतीचा परिणाम! थोडे थांबा. २०१८ मध्ये मायकल जेरुसो आणि डीन स्पीअर्स यांनी याच आकड्यांतून वेगळे सत्य काढले. वाचण्याची ही जास्तीची संधी कुटुंबाच्या धर्मामुळे नाही, शेजारामुळे मिळते. मुस्लिम कुटुंबे उघड्यावर शौचाला कमी बसतात, आणि मुस्लिमांचे शेजारी बहुतेक मुस्लिमच असतात. त्यामुळे त्या वस्तीतली माती, पाणी, माशी कमी घाण असते. अशा वस्तीत राहणाऱ्या हिंदू कुटुंबाच्या मुलालाही तोच फायदा आणि उघड्यावर बसणाऱ्या वस्तीतल्या मुस्लिम मुलाला तोच धोका. मला या निष्कर्षात समाधान वाटते, कारण तो कुणाच्याही फुशारकीला जागा ठेवत नाही. मुलाचा जीव मोहल्ला वाचवतो, आणि मोहल्ल्याला जात-धर्म विचारून जंतू येत नाहीत.

शेंद्र्याला हे लागू करून पाहा. जालना रोडवरच्या या गावाचे एक नाव शेंद्रा कमंगर. कमंगर म्हणजे कमान करणारा, आणि उर्दूत याच शब्दाचा दुसरा अर्थ निखळलेले हाड बसवणारा. चैत्रात मांगीरबाबाच्या यात्रेला इथे मराठवाडाभरातून लोक येतात. आता कारखाने आले, ऑरिक आले आणि त्यांच्यासोबत भाड्याच्या खोल्यांच्या रांगा आल्या. अशा खोल्यांत बिहारचा, बीडचा, नांदेडचा मजूर शेजारी-शेजारी राहतो. संडास सामाईक. शेजार दर सहा महिन्यांनी बदलतो. जुन्या मोहल्ल्यात जी राखण पिढ्यांच्या सवयीने होत होती, ती इथे कोण करणार? शिवाय भाडेकरूचे मूल अंगणवाडीच्या यादीत घ्यायचे कुठल्या गावच्या नावाने, हा प्रश्न सेविकेपुढे असतोच. यादीत नाव नाही, म्हणजे काट्यावर मूल नाही.

पाच वर्षांनंतर तर काटाच संपतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मुलांची उंची-वजने पाचव्या वर्षापर्यंतच घेतात. शाळकरी मुलांची देशपातळीवर नीट मोजणी झाली ती थेट २०१६-१८ च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात, त्यात १९ वर्षांपर्यंतची मुले होती. शाळेत पोषण आहार आहे. तो १९९५ मध्ये सुरू झाला आणि २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने शिजवलेले अन्न मिळू लागले. पण खिचडी खाणाऱ्या मुलाला दिसते का, ऐकू येते का, अंगात रक्त किती आहे, हे पाहणारे कोण?

त्यासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये त्याची सुरुवात आपल्याच पालघरातून झाली. डॉक्टरांचे फिरते पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते, हृदयाचे छिद्र, तिरळेपणा, रक्तक्षय असे सगळे तपासते, आणि पुढचे उपचार मोफत. योजना चांगली आहे, हे मोकळेपणाने म्हणतो. तिच्या नियमात एक बारीक ओळ आहे: शाळा सरकारी किंवा अनुदानित असावी. गल्लीतल्या स्वस्त 'इंग्लिश स्कूल'मध्ये जाणारे मूल या ओळीच्या बाहेर. पूर्ण वेळ मदरशात शिकणारे, वसतिगृहात राहणारे मूलही बाहेर. मजुरीला लागलेला तेरा वर्षांचा मुलगा तर सगळ्याच याद्यांच्या बाहेर.

मदरशांच्या जिम्मेदारांशी मी याबद्दल बोललो आहे. काहींना तपासणी नको असते, पथकासोबत आणखी कुणी चौकशीला येईल असे त्यांना वाटते. आजचे वातावरण पाहता ही भीती मी वेडगळ म्हणणार नाही. पण ती फुफीच्या वेळच्या आयांच्या भीतीसारखीच आहे, आणि किंमत मोजणारे मूलही तेच. तालुका आरोग्य अधिकाऱ्याला एक अर्ज देऊन मुलांची तपासणी मागता येते. जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या ओसरीत दोन तास काटा लावता येतो. खोल्यांच्या रांगेत राहणाऱ्या बिहारी मजुराची बायकोही मग मुलाला घेऊन येईल, तिचे नाव कुठल्या यादीत आहे हे न विचारता. फुफीला विचारले तर ती म्हणाली, काटा आणा, पण आधी इमामसाहेबांच्या घरचे मूल झोळीत बसवा.